वेब सेवा, जावा फ्रेमवर्क आणि भिवंडीचे गोदाम

एका संगणकाने दुसऱ्याला इंटरनेटवरून ठरलेल्या रीतीने काही विचारावे आणि त्याने तसेच ठरलेल्या रीतीने उत्तर द्यावे, ही वेब सेवा. भिवंडीत तिचे रोजचे उदाहरण म्हणजे ई-वे बिल, जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे बिल. आंतरराज्य मालवाहतुकीला ते १ एप्रिल २०१८ पासून आणि महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला २५ मे २०१८ पासून लागू झाले. काल्हेर, पूर्णा, मानकोली या पट्ट्यातल्या गोदामातून माल निघताना त्याचा तपशील बिलाच्या ‘भाग अ’मध्ये आणि गाडीचा क्रमांक ‘भाग ब’मध्ये जातो. जिथे गाड्यांची रांग लागलेली असते, तिथे गोदामाचे सॉफ्टवेअर थेट किंवा जीएसपीमार्फत (जीएसटी सुविधा पुरवठादारामार्फत) एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) प्रणालीला जेसॉन या मजकुरी स्वरूपात माहिती पाठवते आणि बारा अंकी बिल क्रमांक मिळवते. पलीकडची प्रणाली कोणत्या भाषेत लिहिली आहे, याच्याशी गोदामाला कर्तव्य नसते. वेब सेवेचे खरे बळ यातच आहे.

जावामध्ये अशी सेवा उभारणे पूर्वी जिकिरीचे होते. जे-टू-ईई या जावाच्या व्यावसायिक संचाच्या पहिल्या काळात धंद्याचा नियम दहा ओळींचा आणि त्याभोवतीचे एक्सएमएल शेकडो ओळींचे, असा प्रकार असे. सोप या एक्सएमएलवर आधारित वेब सेवेच्या पद्धतीने त्यात आणखी भर घातली. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली पुस्तक लिहून या अवडंबरावर टीका केली आणि त्यातल्या कोडमधून स्प्रिंग फ्रेमवर्क जन्मले, त्याची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जावा ५ मध्ये ॲनोटेशन आले आणि एक्सएमएलमधल्या सूचना कोडच्या शेजारीच लिहिता येऊ लागल्या. २००८ मध्ये जॅक्स-आरएस या मानकाने रेस्ट सेवांना, म्हणजे साध्या एचटीटीपी विनंत्यांवर चालणाऱ्या सेवांना, हीच सोय दिली. २०१४ च्या स्प्रिंग बूटने टॉमकॅट सर्व्हरही प्रोग्रॅमच्या पोटात घातला. एक जार फाइल चालवली की सेवा सुरू.

भिवंडीतला यंत्रमागधारक सुताला स्वतः खळ लावत बसत नाही. सायझिंगमधून तयार बीम आणून मागावर चढवतो. फ्रेमवर्कचे काम तेच. आलेली विनंती योग्य मेथडपर्यंत नेणे, जेसॉनचे ऑब्जेक्ट करणे, रिकामे रकाने अडवणे, डेटाबेसची जोडणी सांभाळणे हे सारे ते करते. प्रोग्रॅमरकडे उरतो तो धंद्याचा नियम, उदाहरणार्थ मालासोबतच्या चलनाचा.

आणि चुका तिथेच होतात. समजा, गोदामातून चलन नोंदवण्याची विनंती गेली, नोंद झाली, पण उत्तर परत येताना नेट गेले. कारकून पुन्हा बटण दाबतो आणि एकाच मालाची दोन चलने तयार होतात. एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे ‘पुट’ विनंती कितीदाही पाठवली तरी परिणाम एकच व्हायला हवा. ‘पोस्ट’ला असे बंधन नाही. पण नुसते ‘पुट’चे ॲनोटेशन लावल्याने हा गुण अंगी येत नाही. चलन क्रमांकावर डेटाबेसमध्ये एकमेवतेची अट घालावी लागते आणि दुसऱ्यांदा आलेल्या विनंतीला जुनीच नोंद परत द्यावी लागते. हे ठरवायला चलन म्हणजे काय, ते कोण रद्द करू शकतो, गाडी बदलली तर काय, हे माहीत असावे लागते. ते फ्रेमवर्कच्या दस्तऐवजात सापडणार नाही. गोदामातल्या मुनीमजींनाच विचारावे लागते.

तयार बांधणीबरोबर परक्या लायब्रऱ्यांचे ओझेही येते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या साध्या लायब्ररीत गंभीर भगदाड सापडले, तेव्हा आपल्या प्रोग्रॅममध्ये ती आहे की नाही, हे शोधण्यातच अनेकांचे दिवस गेले. आवृत्तीबदलही फुकट होत नाही: नोव्हेंबर २०२२ च्या स्प्रिंग बूट ३ साठी किमान जावा १७ लागते आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक पॅकेज-नावे ‘जकार्ता’ करावी लागतात.

दिवसाला चार-पाच बिले काढणाऱ्या गोदामाला यातले काहीच लागत नाही. पोर्टलवरचा फॉर्म किंवा एक्सेलवरून बनवलेली जेसॉन फाइल त्याला पुरते.