दहा वर्षांच्या मुलीचा निरोप समारंभ

(नांदेड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात बोलायला उभे राहणाऱ्याने जागतिक अर्थकारणाविषयी, निदान राज्याच्या अर्थसंकल्पाविषयी तरी बोलावे, अशी आपली रीत आहे. मी आज चौथीतल्या मुलांविषयी बोलणार आहे. हा विषय कोणाला किरकोळ वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. गेल्या मार्चपर्यंत मलाही तो तसाच वाटत होता.

त्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन निरोप समारंभांना पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. पहिला समारंभ लातूर शहरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता. चौथी संपलेली मुले काळे झगे घालून आणि डोक्यावर चौकोनी टोप्या ठेवून रांगेत उभी होती. विद्यापीठाच्या पदवीदानात असतो तसाच थाट होता. मार्चच्या उन्हात ती लेकरे घामाने भिजली होती. टोप्या मोठ्या होत्या, त्या घडोघडी डोळ्यांवर येत होत्या. प्रत्येकाने ध्वनिक्षेपकासमोर यायचे आणि आपण मोठेपणी कोण होणार ते सांगायचे, असा कार्यक्रम होता. एकामागून एक मुले येत होती आणि ‘डॉक्टर’ म्हणून परत जात होती. एक मुलगा मात्र थोडा थांबला आणि म्हणाला, “मी अजून ठरवलं नाही.” सभागृहात हशा पिकला. त्याच्या आईने मान खाली घातली.

दुसरा समारंभ कंधार तालुक्यातील एका तांड्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत होता. तेथे झगे नव्हते. गुरुजींनी पदरमोड करून आणलेले पेढे होते आणि मुलांनी स्वतः केलेल्या कागदी फुलांचे तोरण होते. चौथीच्या पटावर अकरा नावे होती, हजर होती सात मुले. उरलेली चार आई-बापांबरोबर उसाच्या फडात होती. म्हणजे ज्यांना निरोप द्यायचा, त्यांतली चार मुले पाच महिन्यांपूर्वीच निरोप न घेता निघून गेली होती. हजर असलेल्यांपैकी एका मुलीने भाषण केले. तिचेही आई-बाप कारखान्यावर गेले होते. ती आजीजवळ राहिली होती आणि धाकट्या भावाला सांभाळत होती. आजीला दिसत नसल्याने भाकरीही तीच थापत होती. भाषण झाल्यावर गुरुजींनी कौतुकाने विचारले, “बाळ, आता पाचवीला कुठे जाणार?” ती म्हणाली, “जायचं का नाही, ते आई-बा आल्यावर ठरंल.”

सर्वांनी टाळ्या वाजविल्या. शेजारी बसलेली आजी म्हणाली, “लेकरू लई शहाणं हाय. साऱ्या घराचं बघतंय.” मी अध्यक्षीय समारोपात त्या मुलीच्या समंजसपणाची स्तुती केली. अशी मुले हेच आपल्या देशाचे धन आहे, असेही काहीसे बोललो. कंधारहून नांदेडला परतताना मला माझ्या त्या वाक्यांची लाज वाटू लागली. दहा वर्षांच्या मुलीला आपण शिकणार की नाही हे ठाऊक नाही, आणि ते ती शांतपणे सांगते, ह्याला मी समंजसपणा म्हटले होते! लातूरच्या मुलाच्या ‘अजून ठरवलं नाही’ ह्या उत्तरात बालपण होते, आणि त्याला आम्ही हसलो. कंधारच्या मुलीच्या उत्तरात बालपण हरवल्याची खूण होती, आणि तिला आम्ही टाळ्या दिल्या.

हल्ली मुले फार लवकर मोठी होतात, अशी तक्रार आपण सर्वत्र ऐकतो. दोष भ्रमणध्वनीला दिला जातो, चित्रपटांना दिला जातो, क्वचित मुलांनाही दिला जातो. परंतु मूल आपण होऊन लवकर मोठे होत नाही. वडीलधाऱ्यांना आणि समाजाला न पेलणारे ओझे जेव्हा त्याच्या खांद्यावर सरकविले जाते, तेव्हा ते मोठे दिसू लागते. म्हणून ‘मूल मोठे झाले’ हे वाक्य ऐकले की कोणाचे ओझे त्याच्याकडे गेले, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

कंधारच्या मुलीकडे कोणाचे ओझे गेले? कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा कोरडवाहू मुलूख. खरिपाची रास घरात आली की पुढे काम नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्याचा मधला सगळा भाग ह्या स्थलांतराने खाऊन टाकलेला असतो. कामाचा हिशोब नवरा-बायकोच्या जोडीवर होतो आणि त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. हत्याराच्या नावाने माणसे मोजणारी ही भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कानाला टोचतही नाही. जोडी फडात असताना कोपीवर तान्ह्याला कोणी सांभाळायचे? थोरल्या बहिणीने. वाढे कोणी गोळा करायचे? दहा वर्षांच्या मुलाने. ह्या मुलांचे नाव कोणत्याही मजुरीच्या वहीत नसते, पण त्यांच्या श्रमावाचून तो हिशोब जुळत नाही. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली. परंतु शाळेची वेळ सोडून कुटुंबाला मदत करण्याची मुभा त्याच दुरुस्तीने दिली. जेथे सारे कुटुंबच उचलीत बांधलेले आहे, तेथे ‘कुटुंबाला मदत’ ह्या शब्दांचा अर्थ काय होतो, ते फडावर जाऊन पाहावे.

मुलगी वयात येऊ लागली की आणखी एक प्रश्न उभा राहतो. तिला गावी ठेवावे तर राखण करणारे कोणी नाही, आणि फडावर न्यावे तर तेथे दाराला कडी नाही. बाप मग लग्नाचा मार्ग धरतो. लग्न झाले की मुलीची काळजी मिटली असे बापाला वाटते, आणि तिच्या सासरी एक नवा कोयता तयार होतो. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाली होती, आणि मराठवाड्यातील बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून अधिक होते. ह्याला नुसते ‘अज्ञान’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्या बापाला मुलीच्या लग्नाचे वय ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते हे, की पाच महिने तिला सुरक्षित कोठे ठेवावे.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. १९११ साली गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत जमीनदार होते. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचे शिक्षण दहा वर्षांत साधू, असे संविधानाने १९५० साली म्हटले. तो हक्क मूलभूत ठरण्यास २००२ साल उजाडले आणि कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांनी बारा वर्षांची मागणी केल्याला जवळपास दीड शतक होत आले, आणि दहा वर्षांची मुलगी सांगते आहे, ‘ठरंल.’

आता लातूरच्या झग्यांकडे वळतो. ‘लातूर पॅटर्न’ची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ह्या शहरातील महाविद्यालयांनी कसून सराव करून घेतला आणि पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली. शेतकऱ्यांची मुले डॉक्टर झाली, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु अकरावी-बारावीच्या मुलांसाठी बेतलेली ती मेहनत आता ‘फाउंडेशन’ ह्या नावाने आठवीपर्यंत आणि कोठे कोठे सहावीपर्यंत खाली उतरली आहे. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनांत म्हटले. त्या सूचनांना कायद्याचा दंड नव्हता, आणि पालकांच्या भीतीला तर कोणतीच सूचना पुरत नाही. शेती परवडत नाही आणि नोकऱ्या नाहीत. तेव्हा बापाच्या मनातली ही धास्ती मुलाच्या वेळापत्रकात जाऊन बसते. ओझे येथेही सरकले आहे. मात्र दोन्ही ओझी सारखी नव्हेत, हे आपण विसरता कामा नये. लातूरच्या मुलाला मोठेपणाचे सोंग घ्यावे लागते. कंधारच्या मुलीला ते सोंग नाही, रोजची भाकरी आहे. पहिल्या मुलाविषयी हळहळून दुसऱ्या मुलीला विसरणे, हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा जुना दोष आहे.

मग आपण काय करावे? व्यवस्था बदलली पाहिजे, हे तर खरेच. पण ती बदलेपर्यंत ही मुलगी दहाची पंधरा वर्षांची झालेली असेल. म्हणून ह्या वर्षीच करता येण्याजोगी तीन कामे सांगतो.

पहिले काम दसऱ्यापूर्वीचे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची तरतूद सरकारी योजनेत आहे. परंतु टोळ्या निघून गेल्यावर वसतिगृह सुरू झाले, तर त्याचा उपयोग शून्य. आपण आपापल्या गावात घरोघर जाऊन यादी करावी, ती मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी, आणि ट्रक गावात येण्यापूर्वी वसतिगृहाची चूल पेटेल असा आग्रह धरावा. मुलींच्या निवासाची खात्री नसेल तर बाप मुलीला ठेवणार नाही, आणि त्याचे चुकतेही नाही.

दुसरे काम चौथी आणि पाचवी यांच्यामधले. कायदा पाचवीपर्यंतचे शिक्षण प्राथमिक मानतो, पण आपल्या कित्येक वाड्या-तांड्यांवरची शाळा चौथीला संपत आली आहे. गळती नेमकी त्या फटीतून होते. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते ती आठवीपासून पुढच्या मुलीला. पाचवीच्या मुलीने ओढा ओलांडून पायीच जायचे. एसटीचा मोफत पास तिला मिळतो, पण एसटी तांड्यावर आली तर! तेव्हा जेथे पट आहे तेथे पाचवीचा वर्ग जोडून घ्या, जेथे ते जमत नाही तेथे वाहनाची मागणी करा, आणि दाखला मुलीच्या हातात देऊन न थांबता पुढच्या शाळेत तिचे नाव घातल्याची खात्री करून घ्या.

तिसरे काम आपल्या घरचे, म्हणून सर्वांत कठीण. आपल्यापैकी कित्येकांनी भावकीतल्या कोवळ्या मुलींच्या लग्नात अक्षता टाकल्या आहेत. मीही टाकल्या आहेत. २००६ च्या कायद्याने असे लग्न लावणारा जसा दोषी, तसाच त्याला उत्तेजन देणाराही दोषी. गावपातळीवर ते रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, सोपविलेली आहे आणि १०९८ ह्या क्रमांकावर कोणालाही कळविता येते. नातेवाईक रुसतील, म्हणून आपण गप्प बसतो. यापुढे अशा मांडवात जेवायचे नाही, एवढे तरी आज ठरवून उठू.

जूनमध्ये मी त्या गुरुजींना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, “तिचे नाव पाचवीत घातले आहे. मी स्वतः घेऊन गेलो होतो. दिवाळीपर्यंत नक्की येईल. पुढचे सांगता येत नाही.” ‘पुढचे सांगता येत नाही’, हे त्या प्रामाणिक शिक्षकाचे उत्तर झाले, कारण पुढचे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. ते आपल्याला सांगता आले पाहिजे. पुढल्या मार्चमध्ये मला त्या शाळेचे पुन्हा बोलावणे आहे. त्या दिवशी पटावर जितकी नावे असतील, तितकी मुले तोरणाखाली बसलेली मला पाहायची आहेत.