जुने कापड, नवी शिवण

(वर्षावास समाप्तीनिमित्त महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



दिवसभर पासबुके आणि चलने हाताळणाऱ्या आमच्यासारख्या बँकेतील कारकुनाला शिवणकामावर बोलायला सांगितले, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु आमच्या घरी पायमशीन आहे, ते चालते आणि त्यावर नव्या कापडापेक्षा जुनेच कापड अधिक शिवले गेले आहे. म्हणून हे धाडस.

आपल्या मंडळाने शिवणवर्ग सुरू करण्याचे ठरविले आहे. शिकणाऱ्या मुलींच्या हाती पहिल्याच दिवशी नवे ताग्यातले कापड दिले तर निम्मे वाया जाणार, म्हणून घरोघरची जुनी लुगडी, साड्या, चादरी आणि शर्ट गोळा करून त्यांवर हात बसवावा, अशी सूचना पुढे आली. त्यावर मागील बैठकीत एका वयोवृद्ध आईंनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या आया-आज्यांनी दुसऱ्यांची उतरलेली वस्त्रे नेसून जन्म काढला, बाबासाहेबांनी त्यातून वर काढले, आणि आता आमच्याच नातींच्या हाती पुन्हा जुनेर देणार काय? सभा काही वेळ गप्प झाली. हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यायचे तर आधी तो नीट समजून घेतला पाहिजे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. गावगाड्यात मृताच्या अंगावरचे कापड महाराच्या वाट्याला येई आणि त्याला ‘हक्क’ म्हणत! नाकारण्याची मुभा नाही तो कसला हक्क? बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात लिहिले आहे की, आपल्या स्त्रियांना लुगड्याचे काठसुद्धा निऱ्यांत दडवून नेसावे लागत. म्हणजे कापड कोणते, ते कुणाचे आणि ते नेसायचे कसे, या तिन्ही गोष्टी दुसऱ्याने ठरविलेल्या होत्या. त्या आईंच्या मनात जी कळ उठली ती या इतिहासाची आहे.

डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले आणि त्यात लुगडे कसे नेसावे इथपर्यंत सांगितले. कमीपणा दाखविणारी जुनी नेसण टाकून द्या, असा त्यांचा आग्रह होता. पण त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की वस्त्र फाटके असले तरी चालेल, ते स्वच्छ असले पाहिजे. आणि काय नेसावे हे ठरविण्याचे तुमचे स्वातंत्र्य कुणीही हिरावू शकत नाही. भगिनींनो, बाबासाहेबांचा रोष फाटक्या कापडावर नव्हता, लादलेल्या कापडावर होता. हा फरक आपण लक्षात घेतला तर पुढचा मार्ग सोपा होतो.

आज आपण कठिन चीवरदानाच्या निमित्ताने जमलो आहोत. ‘कठिन’ हे मुळात चीवर शिवताना कापड ताणून धरण्याच्या चौकटीचे नाव. वर्षावास संपल्यावर मिळालेले कापड भिक्खूंनी एकत्र बसून त्याच दिवसात कापावे, शिवावे, रंगवावे, असा विनयाचा नियम. आज आपण तयार चीवर दान करतो, पण मूळ सोहळा शिवणकामाचा आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्या जोडीला सुई आहे, हेही विसरू नये. चीवराचा नमुनासुद्धा शिवणाऱ्याच्या डोळ्याने पाहण्यासारखा आहे. मगधातील बांध घातलेली शेते दाखवून भगवंतांनी आनंदाला विचारले की असे चीवर करता येईल काय, आणि आनंदांनी तुकडे जोडून ते करून दाखविले.

सुरुवातीच्या काळात भिक्खू पांसुकूल, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्यांचे वस्त्र वापरीत. जीवक वैद्याने उंची वस्त्र अर्पण केले तेव्हा भगवंतांनी गृहस्थांनी दिलेले चीवर घेण्याची परवानगी दिली. ज्याला पांसुकूल हवे त्याने ते घ्यावे, ज्याला गृहस्थांचे चीवर हवे त्याने ते घ्यावे. स्मशानातील वस्त्र दोन्हीकडे आहे. मनुस्मृतीत ते शिक्षा म्हणून आहे, विनयात ते स्वेच्छेने आहे. कापड तेच असले तरी एका ठिकाणी माणूस वाकतो आणि दुसऱ्या ठिकाणी ताठ उभा राहतो.

विनयपिटकात आणखी एक कथा आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजाला शंका आली की एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार तरी काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. त्यांचेही पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि शेवटी फडकी फाडून चिखलात मळून जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आमच्या मते शिवणवर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखा यापेक्षा चांगला धडा नाही.

शिवाय जुन्या कापडाची शिवण ही केवळ गरिबाची गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले कपड्यांचे रेशनिंग इंग्लंडमध्ये 1941 ते 1949 पर्यंत होते. 1943 साली तेथील सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून जुन्यातून नवे कसे शिवावे हे घरोघर शिकविले. आपल्याकडेही 1943 पासून कापडावर नियंत्रण आले आणि कंट्रोलचे कापड हा शब्द घराघरांत गेला. आज तर शहरांतील मोठ्या दुकानांत जुन्या साड्यांचे जोडकाम भारी किमतीला विकले जाते. मग आपल्या आज्यांची वाकळ आणि गोधडी, जिच्यात हे सारे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठले आहे, तिची लाज आपण का बाळगावी?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वर्गासाठी उपयोगी पडतील असे काही मुद्दे आम्ही मांडतो.

पहिला मुद्दा कापड पारखण्याचा. जुने कापड उजेडासमोर धरावे. जिथे ते विरले असेल तिथे जाळीसारखे दिसते. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून उभे आणि आडवे ताणून पाहावे. चर्रकन आवाज आला तर ते कापड वरच्या थराचे नाही, गोधडीच्या पोटात जाण्याचे आहे. लुगडे बसण्याउठण्याच्या जागी आधी विरते, काठ आणि पदर मात्र दणकट राहतात. जरीचे कापड घडीवर तुटते, म्हणून घडीची रेघ टाळून बेतावे. रंग जातो की नाही हे पाहायला पांढरे ओले फडके घासून पाहावे.

दुसरा मुद्दा शिवण्याचा. जुन्या सुती कापडाचा एक मोठा गुण असा की ते अनेकदा धुऊन आधीच आटलेले असते, त्यामुळे शिवल्यावर माप बदलत नाही. मात्र टाका थोडा मोठा ठेवावा. बारीक टाक्याने जीर्ण कापडाला ओळीने भोके पडतात आणि ते तिथेच फाटते. दोरा सुती घ्यावा, कारण कापडापेक्षा दोरा बळकट झाला की तो कापडालाच कापतो. कापण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या कागदाचा नमुना करावा आणि विरलेला भाग टाळून तो कापडावर फिरवून पाहावा. नव्या कापडावर हे डोके चालवावे लागत नाही. म्हणून जुन्या कापडावर शिकलेली मुलगी बेतण्यात हुशार होते.

तिसरा मुद्दा काय शिवावे याचा. मऊ नऊवारीचे बाळासाठी दुपटे, झबले, टोपडे. एका लुगड्यातून सुमारे आठ मीटर कापड मिळते. त्यातील चांगला भाग निवडला तरी दोन दुपटी सहज होतात. पुरुषांच्या शर्टाची पाठ सहसा झिजत नाही, तिच्यातून लहान मुलीचा फ्रॉक निघतो. पूर्वी शिंपी झिजलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा लावीत. ती कलाही मुलींना शिकवावी. टेरिकॉट घाम शोषत नाही, त्याचे बाळाला काही शिवू नये. पण पिशव्यांना ते उत्तम. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीला गिऱ्हाईक आहे. आणि गोधडी तर हवीच! थर सारखे पसरून, कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे यावे, म्हणजे पोटात गोळा होत नाही.

चौथा मुद्दा नियमाचा, आणि तो त्या आईंच्या आक्षेपाला आमचे उत्तर आहे. वर्गात येणारे कापड आपल्याच सभासदांच्या घरचे असावे, किंवा पैसे मोजून विकत घेतलेले असावे. कुणी उपकार म्हणून फेकलेले गाठोडे आपण घेऊ नये. प्रत्येक कापड धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करूनच मशीनवर यावे. आणि जी वस्तू आपण स्वतःच्या घरी आनंदाने वापरणार नाही, ती दुसऱ्याला विकू नये. दारावर भांडी देऊन जुने कपडे नेणारी बोहारीणही व्यवहार करते, दान मागत नाही. तिच्याकडून एवढे शिकायला हरकत नाही.

वर्गाच्या दिवशी चहाबरोबर काही असावे, म्हणून मंडळाने जुन्या पद्धतीच्या नानकटाईची सूचना केली आहे. तिच्याविषयी दोन शब्द. दिवाळीपूर्वी घरोघरच्या बाया मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जात, तिथेच मळून ट्रे भरीत आणि ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवीत. आमच्या लहानपणी शेजारच्या आळीतील काही घरांतून आमचा फराळ न उघडता परत येई. पण भट्टीत आमचा ट्रे आणि त्यांचा ट्रे एकाच फळीवर भाजला जाई, आणि भट्टीची आच चिठ्ठीवरचे आडनाव वाचीत नसे.

घरी करायची तर एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर हाताने फेसून हलके करावे. त्यात दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलचीपूड घालून मळावे. जाड जुन्या कढईत दोन बोटे वाळू किंवा खडेमीठ पसरून, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे. वर तिवई ठेवून गोळ्यांची ताटली आत ठेवावी आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. गरम असताना नानकटाई मऊ लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते, म्हणून घाईने जास्त भाजू नये. पूर्वी यात वनस्पती तूप सर्रास असे. त्यातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याने 2022 पासून देशात त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. आपण साजूक तूपच घ्यावे. जुने म्हणून सगळेच जपायचे नसते; पारखून जे टिकते ते ठेवायचे, बाकीचे सोडायचे. कापडाला जो नियम, तोच पाककृतीला आणि रूढीलाही.

शेवटी आमच्या धंद्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने 1992 मध्ये सुरू केला. 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. त्यात एक चांगले मशीन सहज येते. पण कर्जाआधी वही हवी. कापड जुने आहे म्हणून फुकट समजू नका, आणि आपले तास तर मुळीच फुकट समजू नका. एका दुपट्याला किती तास लागले हे लिहा, त्या तासांची मजुरी धरा, मग किंमत सांगा. आपल्या आज्यांच्या श्रमाची किंमत कुणी मांडली नाही. आपल्या नातींनी ती स्वतःच्या हाताने मांडावी.

त्या वयोवृद्ध आईंना आमची नम्र विनंती आहे की वर्गाचे पहिले लुगडे त्यांनीच पारखावे आणि पहिला टाका त्यांनीच घालावा. काठ मात्र या वेळी दडवायचा नाही. दुपट्याच्या चारही बाजूंना तो दिसेल असाच लावायचा.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!