चाक फिरते, गाडी का चालत नाही?

श्रोतेहो, धानाची कापणी झाली की आपल्या भंडारा जिल्ह्यात एक देखावा हमखास दिसतो. बांधीत अजून ओल असते, पांदणीत चिखल असतो, आणि पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर मध्येच अडतो. मागची चाके गरगर फिरतात, चिखल उडतो, धूर निघतो. गाडी मात्र जागची हलत नाही. भोवतालची मंडळी ओरडतात, "अजून रेस दे!" हा सल्ला कितपत बरोबर आहे, ते आज पाहू.

आधी आपली बंडी घ्या. बंडी बैल ओढतो. त्याचा खूर जमीन धरतो, चाक नुसते मागून लोळत येते. आसाजवळचे घर्षण आपला वैरी, म्हणून तिथे आपण वंगण घालतो. पण खुराखालचे घर्षण आपला सोबती. ते नसेल तर बैल घसरून पडेल. ट्रॅक्टरचे मागचे चाक ही दोन्ही कामे करते. चाकही तेच आणि खूरही तेच! इंजिन चाक फिरवते खरे. परंतु गाडी पुढे जाते ती जमिनीच्या पकडीवर.

ही पकड दोन गोष्टींवर ठरते: ओढणाऱ्या चाकावर वजन किती, आणि खालची जमीन कशी. समजा, ट्रॅक्टरचे वजन २ टन आहे आणि त्यातले १३०० किलो मागच्या चाकांवर आहे. कोरड्या पक्क्या सडकेवर पकड या वजनाच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे ९०० किलोंची. ओल्या मातीत ती निम्म्यावर, ४५० वर येते. आता ५ टनांची भरलेली ट्रॉली जोडली. एकूण झाले ७ टन. सडकेवर टनामागे २० किलोंचा जोर धरला, तर १४० किलो पुरतात. चिखलात टनामागे ८० किलो लागले, तर हवेत ५६०. पकड मात्र ४५० चीच! मग इंजिन कितीही अश्वशक्तीचे असो, चाक घसरणारच. उलट २ टन माल उतरवला, तर काम ४०० किलोंत भागते आणि गाडी निघते. हे आकडे ढोबळ आहेत, पण हिशेब खरा आहे.

आपल्याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. उघड्या खाणीच्या चढावर डंपरलाही हाच नियम लागू. चढ दहात एक असला, तर टनामागे आणखी १०० किलो जोर लागतो. रेल्वेचे इंजिन तर पोलादी रुळावर पोलादी चाकाने चालते. गाडी लोळायला सोपी, पण पावसात पकड फार कमी. म्हणून इंजिनावर वाळूची पेटी असते; चाक घसरू लागले की चालक रुळावर वाळू सोडतो.

तेव्हा चाक घसरू लागले की रेस वाढवू नका. घसरणारे चाक पकड आणखी गमावते आणि स्वतःचाच खड्डा खोदते. थांबा. थोडा माल उतरवा, चाकापुढचा चिखल काढा, मुरूम किंवा फांद्या घाला. एकच चाक फिरत असेल, तर गाडी थांबवून डिफरन्शियल लॉक लावा. मग खालच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा.

आणि एक गोष्ट कृपा करून कधीही करू नका: मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधू नका. चाक पूर्ण जखडले की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि चालक खाली सापडतो. ओढण्याची साखळी उंचावर बांधली तरी हाच धोका. साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावावी.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात दाखवावे. एक वीट दोरीने बांधून ताणकाट्याने फळीवर ओढा. वर दुसरी वीट ठेवा. काटा जवळजवळ दुप्पट दाखवील. मग विटांखाली गोल पेन्सिली घाला, आणि शेवटी फळी ओली करून पाहा. मुले स्वतःच नियम सांगतील.

आणि त्यांतलेच एखादे मूल उद्या पांदणीत उभे राहून म्हणेल, "बाबा, रेस नको, दहा पोती उतरवा." दहा पोती पुन्हा चढवायला अर्धा तास लागेल. लागू द्या. घरी चालत येणारा माणूस त्याहून मोलाचा आहे.