चळत, रांग आणि फेरफाराचा क्रमांक

कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर



संगणकाविषयी बोलण्यास मजसारख्या कलाशाखेच्या पदवीधरास उभे केले, याचे आपणांस नवल वाटले असेल. मलाही वाटले. परंतु या शास्त्रातील पुष्कळ कल्पना आपल्या दप्तरात पूर्वीपासून नांदत आहेत. नावे तेवढी निराळी.

टेबलावरील फायलींचाच दाखला घ्या. नवी फाईल वर ठेवली जाते आणि उचलताना तीच प्रथम हाती येते. माहितीच्या अशा मांडणीस ‘स्टॅक’ म्हणजे चळत म्हणतात. याउलट, प्रथम आला त्याचे काम प्रथम, ही ‘क्यू’ अर्थात रांग. चळत वाईट असे नव्हे. टंकलेखनातील चूक मागे घेताना शेवटची कृती आधी रद्द व्हावी लागते. तेथे चळतच हवी. मात्र नागरिकांचे अर्ज चळतीत टाकणारी आज्ञावली लिहिली गेली, तर सर्वांत आधी आलेला अर्जदार तळाशी राहील आणि यंत्र आपले काम बिनचूक करीत राहील!

आता शोधाविषयी. १,००० खातेदारांची नावे क्रमाने लावलेली आहेत. मधले नाव पाहावे, हवे असलेले नाव त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवावे आणि उरलेली निम्मी यादी सोडून द्यावी. असे अधिकात अधिक १० वेळा केले की निकाल लागतो. नावे १० लाख असली तरी २० वेळा पुरे. यास ‘बायनरी सर्च’ म्हणतात. अट एकच, यादी क्रमवार हवी. शिवाय ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ ही यंत्राच्या लेखी दोन निरनिराळी नावे आहेत. शाळेत ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीला अर्धा गुण जाई. येथे खातेदारच सापडेनासा होतो.

सर्वांत महत्त्वाची संज्ञा ‘पॉइंटर’, म्हणजे निर्देशक. तो स्वतः माहिती नसतो. माहिती कोठे आहे ते सांगतो. सातबारावरील फेरफार क्रमांक आठवा. जमीन वारसाने आली की खरेदीने, हे जाणण्यासाठी तो क्रमांक घेऊन आपण गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत जातो. प्रत्येक नोंदीने याप्रमाणे पुढच्या नोंदीचा पत्ता बाळगला, की ‘लिंक्ड लिस्ट’ ही साखळी तयार होते. तिची एक कडी तुटली की पुढचे सारे हरवते.

पण कडी तुटण्यापेक्षा ती चुकीच्या ठिकाणी जोडली जाणे अधिक घातक. फेरफार क्रमांकातील एक अंक चुकीचा टंकला, तर यंत्र बहुधा अडत नाही. त्या क्रमांकावर दुसऱ्या कोणाची तरी नोंद असते आणि ते तीच समोर ठेवते. म्हणून सातबारावरील गट क्रमांक फेरफाराच्या नोंदीतील गट क्रमांकाशी ताडून पाहण्याची अट आज्ञावलीत असावी. ती घालणे तज्ज्ञांचे काम खरे. परंतु सातबारा कसा वाचतात हे आपल्याला ठाऊक असल्याने मागणी आपणच करावयाची आहे.