खुर्चीचं संरक्षण आणि बाईचा न्याय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेलं व्याख्यान)



कायद्यापुढे सगळे समान, हे कलम १४ आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. त्याच राज्यघटनेत ३६१ नावाचं एक कलम आहे, त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. हे कलम सांगतं की राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला भरता येत नाही, आधीचा असला तर तो पुढे चालवता येत नाही, आणि त्यांना अटकही करता येत नाही. पदाची शान राखावी, रोज उठून कोणी त्यांना कोर्टात खेचू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू समजू शकतो. पण त्या मोठ्या घरात टायपिंग करणाऱ्या, फोन घेणाऱ्या बाईवर साहेबांनीच हात टाकला तर तिने काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला इस्रायलमधला एक खटला फार महत्त्वाचा वाटतो. कारण तिथेही पदावरच्या राष्ट्राध्यक्षाला असंच संरक्षण आहे, आणि तरीही तो माणूस शेवटी तुरुंगात गेला.

मोशे कात्साव्ह २००० साली सात वर्षांसाठी इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रकरणाला तोंड फुटलं २००६ च्या जुलैत, आणि तेही कसं पाहा. कात्साव्ह स्वतःच ॲटर्नी जनरलकडे गेले. ॲटर्नी जनरल म्हणजे तिथला सरकारचा सर्वोच्च कायदा अधिकारी. त्यांना कात्साव्ह यांनी सांगितलं, माझ्या कार्यालयात काम केलेली एक बाई मला धमकावून पैसे उकळू पाहते आहे. आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. चौकशी सुरू झाली आणि बाण उलटा फिरला. त्या बाईने लैंगिक छळाची हकीकत सांगितली. मग एकेक करून इतर जणी पुढे आल्या. काहींनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासात काम केलं होतं, तर एकीने कात्साव्ह पूर्वी पर्यटनमंत्री असताना त्यांच्या खात्यात.

आता कायदा काय म्हणत होता? राष्ट्राध्यक्ष पदावर असताना त्यांच्यावर खटला नाही. पण खटला नाही याचा अर्थ तपास नाही, असा तिथल्या यंत्रणेने लावला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये पोलीस थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, संगणक आणि कागदपत्रं ताब्यात घेतली. पदावरच्या राष्ट्राध्यक्षाची पुन्हा पुन्हा चौकशी झाली. साक्षी ताज्या असताना नोंदवल्या गेल्या. पुढे जो न्याय मिळाला त्याचा पाया इथे घातला गेला, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

जानेवारी २००७ मध्ये ॲटर्नी जनरल मेनाखेम माझुझ यांनी जाहीर केलं की बलात्कारासह अनेक आरोपांवर खटला भरण्याचा आपला विचार आहे. कात्साव्ह यांनी दूरदर्शनसमोर येऊन वृत्तपत्रं आणि पोलीस यांच्यावर आगपाखड केली, पण राजीनामा दिला नाही. फक्त रजा मागितली. संसदेला त्यांना काढता आलं असतं, पण त्यासाठी १२० पैकी ९० मतं लागतात. ती जमली नाहीत. रजा मात्र मंजूर झाली आणि संसदेच्या सभापती दालिया इत्झिक या बाई काही महिने राष्ट्राध्यक्षपदाचं काम पाहू लागल्या.

जून २००७ च्या अखेरीला मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना तडजोड झाली. कात्साव्ह राजीनामा देणार, किरकोळ गुन्हे कबूल करणार, बलात्काराचा आरोप वगळणार, आणि तुरुंगवास नाही! तेल अवीवमध्ये हजारो बायका-पुरुष रस्त्यावर आले. स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे २००८ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तडजोड कायम राहिली. म्हणजे आपल्या बाजूचे लोक हरले. पण एप्रिल २००८ मध्ये, मी निर्दोष आहे, कोर्टात सिद्ध करीन, असं म्हणत कात्साव्ह स्वतःच तडजोडीतून बाहेर पडले. २००९ मध्ये बलात्काराच्या आरोपासह खटला उभा राहिला. ३० डिसेंबर २०१० रोजी तेल अवीवच्या तीन न्यायाधीशांनी त्यांना दोषी ठरवलं. त्या तिघांत दोन स्त्रिया होत्या. सात वर्षांची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि डिसेंबर २०११ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष तुरुंगाच्या दारातून आत गेले.

हा विजय आहे, पण पुरा नाही. जिच्यामुळे प्रकरण उजेडात आलं, त्या पहिल्या बाईचे आरोप अंतिम आरोपपत्रात नव्हतेच. पुरावा पुरेसा नाही म्हणून ते वगळले गेले. तोवर वृत्तपत्रांतून तिची भरपूर चिरफाड झाली होती. दार तिने उघडलं, आत मात्र तिला घेतलं नाही. आपल्या किती केसेसमध्ये असंच होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता आपल्या घरी येऊ. मे २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका कंत्राटी महिला कर्मचारीने राज्यपालांविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. राज्यपालांनी आरोप नाकारले. तो त्यांचा हक्क आहे, आणि खरं-खोटं आपण इथे ठरवणार नाही. पण पुढे काय झालं ते पाहा. पोलिसांच्या चौकशीला उत्तरं देऊ नका, असं राजभवनाच्या कर्मचाऱ्यांना कळवलं गेलं. तिथलं सीसीटीव्ही चित्रण मात्र नागरिकांना बोलावून दाखवलं, आणि त्यात आपला चेहराही झाकला नव्हता, अशी त्या बाईची तक्रार होती. राज्यातला पक्ष आणि केंद्रातला पक्ष एकमेकांवर तुटून पडले. दोघांच्या भांडणात ती बाई कुठे होती? शेवटी ती सर्वोच्च न्यायालयात गेली. कलम ३६१ चं संरक्षण तपासालाही लागू होतं का, हा तिचा प्रश्न विचारार्थ घेऊन न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नोटीस काढली.

तिचा हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. ३६१ मध्ये खटल्याला आणि अटकेला बंदी आहे. पण जबाब, वैद्यकीय कागद, चित्रण, साक्षी यांना पाच वर्षं थांबवून ठेवलं तर नंतर खटल्यासाठी उरतं काय? चित्रण पुसलं जातं, साक्षीदार बदली होऊन जातात, कंत्राटी बाईचं कंत्राट संपतं. खुर्चीवरच्या माणसाच्या दृष्टीने मुदत म्हणजे संरक्षण. बाईच्या दृष्टीने तीच मुदत म्हणजे पुरावा झिजत जाण्याचा काळ.

राजकीय जबाबदारीचंही तसंच. राष्ट्रपतींना काढायचं तर कलम ६१ खाली महाभियोग. त्याला घटनाभंगाचं कारण लागतं आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोनतृतीयांश मतं लागतात. राज्यपाल तर राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार म्हणेल तोवर. तेव्हा राज्यपालांबाबत, आम्ही काय करणार, कायदा आड येतो, असं केंद्राने म्हणणं खोटं आहे. चौकशी होईपर्यंत कामापासून दूर राहा, एवढं सांगायला कुठलंच कलम आड येत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. एक, खटला थांबला तरी तपास थांबता कामा नये. दोन, चौकशीच्या काळात त्या पदाधिकाऱ्याचा तक्रारदार आणि साक्षीदार यांच्या नोकरीवर काहीही अधिकार राहू नये. तीन, राजभवन असो की राष्ट्रपती भवन, तेही कामाचं ठिकाण आहे, आणि २०१३ चा कायदा तिथल्या बायकांपर्यंत पोचला पाहिजे. चार, आपण कोणत्याही पक्षाच्या असू वा नसू, आपला माणूस आणि त्यांचा माणूस असा भेद तक्रारीच्या बाबतीत करायचा नाही. चौथी मागणी आपली आपल्याकडेच आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत अवघड आहे. आपापल्या गटांत या चारही मुद्द्यांवर चर्चा करा, भांडा, भर घाला, आणि काय ठरलं ते अंकासाठी लिहून पाठवा.