हक्क आणि मुदत

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरील सेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दिला. तो दिवस आता पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु हक्काला मुदतीचे कुंपण असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

निवृत्तीनंतर मंजुरीचा कागद हाती पडतो. त्यात कधी सेवेची काही वर्षे धरलेली नसतात, कधी वेतननिश्चिती चुकलेली असते. आपला माणूस मुळात भिडस्त. ‘साहेबांना पुन्हा एकदा भेटू, आणखी एक स्मरणपत्र देऊ,’ असे म्हणता म्हणता वर्षे लोटतात. अर्जांची फाईल जाड होते आणि मुदत मात्र निघून जाते. नियमांत तरतूद नसलेले अर्ज वारंवार केल्याने मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८९ साली स्पष्ट केले आहे.

मग मुदत किती? सरकारी सेवकांसाठी १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने अंतिम आदेशापासून १ वर्ष ठरवून दिले आहे. नियमांप्रमाणे अपील किंवा निवेदन केले आणि ६ महिन्यांत निर्णय मिळाला नाही, तर ते ६ महिने संपल्यापासून १ वर्ष मिळते. उशिराचे सबळ कारण पटवून दिल्यास न्यायाधिकरण तो माफ करू शकते. पण ते आपल्या हातात नसते. खाजगी अनुदानित शाळांतील सेवकांचे पेन्शनचे गाऱ्हाणे या न्यायाधिकरणात चालत नाही. त्यांना उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. तेथे दिवस मोजून दिलेले नाहीत, तरी ‘इतके दिवस कोठे होता?’ हा प्रश्न विचारला जातोच. भविष्य निर्वाह निधीचा सभासद हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मानले. ग्राहक आयोगाकडील तक्रारीची मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून, २ वर्षांची आहे.

कोणी म्हणेल, पेन्शन तर दर महिन्याची. चूकही दर महिन्याला नव्याने घडते, मग मुदतीची भीती कशाला? यात तथ्य आहे, पण अर्धेच. एका सैनिकाला १९८३ साली वैद्यकीय कारणावरून सेवेतून कमी करण्यात आले. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी तो १९९९ साली उच्च न्यायालयात गेला. उशीर १६ वर्षांचा होता, तरी पेन्शनचा हक्क मान्य झाला. मात्र २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी रिट अर्जापूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच ठेवली. म्हणजे सुमारे १३ वर्षांची रक्कम केवळ उशिरामुळे गेली. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, सेवाज्येष्ठता किंवा बढतीसारख्या, इतरांच्या हक्कांना धक्का लावणाऱ्या मागणीत उशीर झाला तर दाद मिळणार नाही.

तेव्हा बंधु-भगिनींनो, चार गोष्टी पदराशी बांधा. आदेश मिळाला त्या दिवशीच त्यावर तारीख घाला आणि पाकीट जपून ठेवा. सेवापुस्तकाची नक्कल निवृत्तीपूर्वीच घ्या. तक्रार लेखी द्या व आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. आणि तोंडी आश्वासनावर विसंबून महिने घालवण्यापेक्षा जाणत्या वकिलाला वेळीच कागद दाखवा.

घरच्या माणसांनाही हे कागद कोठे आहेत ते सांगून ठेवा. आपल्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी धावपळ करणाऱ्या पत्नीला किंवा पतीला शोधाशोधीत महिने घालवावे लागू नयेत. तीस वर्षे आपण मुलांना वेळेचे महत्त्व शिकवले. तोच धडा आता स्वतःच्या हक्कासाठी गिरवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.