लुगड्याचा रंग कोणी ठरवायचा?

(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा येथे महिला बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज कर्जफेडीवर बोलायचे ठरले होते, पण ते थोडे मागे ठेवते. मागच्या बैठकीत आपण सगळ्या गटांसाठी एकसारखे पातळ घ्यायचे ठरवले. दुकानदाराने दोन नमुने दिले, एक हिरवे लाल काठाचे, दुसरे राखाडी निळ्या काठाचे. हिरव्यावर एकमत व्हायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मग कोणीतरी अगदी सहज, मायेने म्हणाले, "त्या दोघी राखाडी घेतील." त्या दोघी म्हणजे कोण, हे कोणाला विचारावे लागले नाही. त्यांचे पैसे इतरांइतकेच जमा आहेत. त्यांच्यापैकी एकीने बैठक सुटल्यावर दाराशी मला हळूच विचारले, "बाई, मी कोनचा घेवू?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. म्हणून आज हा विषय.

ही शाल बघा, हातोहात फिरवा. माझ्याबरोबर एम.एस.डब्ल्यू. केलेल्या मैत्रिणीने स्कॉटलंडहून आणली. लोकरीची चौकडी आहे, तिकडे हिला टार्टन म्हणतात. नीट बघा, ताण्याला ज्या क्रमाने रंग लावलेत त्याच क्रमाने बाण्यालाही आहेत. जिथे लालवर लाल येतो तिथे चोख लाल दिसतो, जिथे लालवर हिरवा येतो तिथे तिसरीच छटा. तीन रंगांचे सूत घेतले तर कापडावर सहा रंग दिसतात. विणकराची ही किमया आहे, रंगाऱ्याचा एक पैसाही जास्त खर्च न होता.

तिकडे डोंगराळ भागात कुळी आहेत. आपल्याकडे मराठ्यांच्या शहाण्णव कुळी सांगतात, गोंड बाया इथे बसल्या आहेत त्यांच्यात सहा देव, सात देव असे असते, तसेच काहीसे समजा. प्रत्येक कुळीची चौकडी ठरलेली. मॅकलाउड नावाच्या कुळीच्या एका शाखेची पिवळी-काळी, इतकी भडक की डोंगरावरून दिसावी. दुसऱ्या शाखेची हिरवी-निळी. शिवाय एकाच कुळीत शिकारीला जायची वेगळी, गडद हिरवी-तपकिरी. समारंभाची वेगळी, पांढऱ्या रंगाची. ही पांढरी बायांच्या जुन्या पांघरुणावरून आली असे सांगतात. शोकाची म्हणून काळी-पांढरीही आहे. म्हणजे बघा, तिथेही दुःखाला रंग नेमून दिलेला!

आता कोणी म्हणेल, हे तर हजार वर्षांचे असेल, पूर्वजांनी ठरवलेले. मलाही तसेच वाटले होते. पण नाही हो. जुन्या काळी चौकडी गावच्या विणकराच्या हाताची आणि जवळच्या झाडपाल्याच्या रंगाची असे. ज्याला जी आवडली ती तो घेई. १७४६ मध्ये इंग्रज सरकारने बंड मोडल्यावर तिथल्या पोशाखावर बंदीचा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा पकडले तर सात वर्षे काळे पाणी. गंमत अशी की कायदा पुरुषांना आणि मुलग्यांना लागू होता, बायांना नव्हता. बाई बंड करू शकते हे सरकारच्या डोक्यातच आले नसावे. १७८२ मध्ये बंदी उठली. १८१५ मध्ये लंडनच्या एका संस्थेने कुळीप्रमुखांना पत्रे लिहिली की आपापल्या कुळीची चौकडी पाठवा. कित्येक प्रमुखांना ती ठाऊकच नव्हती! बॅनॉकबर्न गावच्या विल्सन नावाच्या कापड गिरणीवाल्यांनी नमुन्यांना आधी नुसते नंबर दिले होते, मग हळूहळू कुळींची नावे चिकटली. १८२२ मध्ये राजा एडिंबरोला आला तेव्हा सगळ्या सरदारांनी आपापली चौकडी घालून यावे असा थाट झाला आणि एका रात्रीत सगळे 'परंपरागत' झाले. १८४२ मध्ये दोघा भावांनी जुनी पोथी सापडली म्हणून एक पुस्तक छापले, ते पुढे बनावट ठरले. पण त्यातल्या चौकड्या आजही विकल्या जातात.

यात बाया कुठे आहेत? सूत कातणाऱ्या बाया, रंगवणाऱ्या बाया. कापड मागावरून उतरले की जुन्या मुतात भिजवून फळीवर आपटायचे, म्हणजे ते घट्ट होते. हे काम बायांचे, तासन्‌तास गोल बसून, आणि त्यासाठीची गाणीही त्यांचीच. कुळीचे नाव मात्र बापाचे, चौकडी प्रमुखाची.

आपण लांब का जायचे? शेजारच्या मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोसा विणतात. करवत काठी साडी तिथलीही. काठावर करवतीचे दात काढायला बाण्याचे धोटे वेगवेगळे चालवून काठ आणि अंग एकमेकांत गुंतवावे लागते. सरकारी नोंदणी झाली, भौगोलिक मानांकन मिळाले, चांगलेच झाले. अंगाचा रंग कोशाचा, म्हणजे आपल्या जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या पानावर वाढलेल्या अळीचा. ती अळी पाळणारे आपले ढिवर बांधव, पाखरांपासून राखण करायला पोरे-बाया रानात. आणि धागा? कोसा जिथे होतो तिथे देशभर बाया तो उघड्या मांडीवर वळत आल्या. मांडीची सालटी निघतात. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र काढले. किती बायांपर्यंत ते पोहोचले, हे प्रत्येकीने आपल्या भागात जाऊन बघायचे. मला नुसते एवढे दाखवायचे आहे की काठाचे कौतुक करताना मांडी कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि नेसणे? ते तर आपल्याकडे जातीचे पाटीवर लिहिल्यासारखे होते. लुगडे गुडघ्याच्या किती वर, गळ्यात कथलाचे की चांदीचे, यावरून वाटेने जाणारी बाई कोणत्या वस्तीची ते कळे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितले की हे टाका, वरच्या म्हणवणाऱ्या बाया नेसतात तसे नेसा, ते जड दागिने उतरवा. आपण म्हणतो पाणी पिण्याचा सत्याग्रह; पण त्याच महाडात निऱ्यांचाही झाला. काही शहाण्यांनी तेव्हा तक्रार केली असेल की नेसण ही छोटी गोष्ट. त्रावणकोरच्या नाडार बायांना अंगावर वरचे वस्त्र घेण्याच्या हक्कासाठी १८५९ पर्यंत झगडावे लागले, त्यांना विचारा छोटी की मोठी.

रंग तर त्याहून चिवट. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करायचे आवाहन केले. ठरावाचा कागद ग्रामपंचायत अधिकारी करतो, बायांनो. पण लग्नात हळदीला त्या बाईला पुढे कोण बोलावते? आपणच ना. मीसुद्धा माझ्या चुलतभावाच्या लग्नात मावशीला मागे बसलेली पाहिले आणि गप्प राहिले. शिकलेली होते, तरी.

एक अडचण मला खरीच वाटते. कोणी म्हणेल, तिलाच हिरवे नको असेल तर? नसेल. तिच्या मनाला अजून झेपत नसेल. मग तिच्यावर हिरवे लादणे म्हणजे राखाडी लादण्याचाच दुसरा प्रकार. 'तुम्ही काय घेणार' असे आपण कोणाला विचारलेच नाही, इथेच चूक झाली. आणखी एक, मॅंगनीजच्या खाणीवर कामाला जाणाऱ्या सहा जणी म्हणाल्या होत्या की हलक्या रंगावर धूळ दिसते. तेही आपण ऐकून घेतले नाही.

दुकानदाराला शुक्रवारी निरोप द्यायचा आहे. पिशवीत दोन नाही, सात नमुने आणलेत. काठ सगळ्यांचा एक ठेवता येतो, अंग वेगळे. तसे तो करून देईल, भावात फरक नाही, मी विचारले आहे. चिठ्ठ्या नकोत, हात वर करू. फक्त आज सुरुवात मागच्या रांगेतून करू या, म्हणजे मागच्या वेळी ज्या बोलल्या नाहीत त्या आधी. मी बसते. शाल कोणाकडे गेली? राहू द्या, फिरू द्या.